कबड्डीच्या सिनेमात मैदानावरची पोरं घ्यावीत की नट?

खाडीपलीकडचा (दापोली)

खेळावरचा सिनेमा यायचा असला की आधी त्यातल्या तरुण नटांच्या मुलाखती येतात, आणि त्या सगळ्या एकाच साच्यातल्या. भूमिकेसाठी अमुक महिने ट्रेनिंग घेतलं, भात सोडला, गुडघा सुजला तरी टेक दिला. मेहनत खोटी नसेल. पण भूमिकेबद्दल त्यातून काय कळतं? तो पोरगा घरात कोणाला टरकतो, राखीव म्हणून बाहेर बसवल्यावर संघ जिंकला तर त्याला खरंच आनंद होतो का, यावर चकार शब्द नाही. अंग कमावलं की भूमिका झाली, अशी काहीतरी समजूत दिसते.

म्हणून माझं म्हणणं असं, की कोकणातल्या कबड्डीवर पोरांचा सिनेमा करायचा असेल तर मैदानावरची पोरं घ्या आणि त्यांना अभिनय शिकवा. नटाला कबड्डी शिकवायच्या भानगडीत पडू नका. साधी गोष्ट बघा. चढाईला निघताना पोरगा वाकून मध्यरेषेला हात लावतो आणि तो कपाळाला नेतो. नट हे देवळात शिरल्यासारखं करतो, सावकाश, कॅमेऱ्याला नीट दिसेल असं. मैदानावरच्या पोराचा हात आपोआप जातो. डोळे तेव्हा समोरच्या कोपऱ्यावर असतात, तिथला गडी कुठल्या पायावर भार देऊन उभा आहे ते तो हेरत असतो. हे दोन-चार महिन्यांच्या शिबिरात अंगात येत नाही.

नागराज मंजुळेंनी फुटबॉलवरच्या 'झुंड'मध्ये (2022) नागपूरची वस्तीतली पोरं थेट अमिताभ बच्चनसमोर उभी केली. डॉन झालेल्या अंकुश गेडामला पदार्पणाचं फिल्मफेअर मिळालं. नागपुरात जमतं तर रत्नागिरी-सिंधुदुर्गात का जमू नये? हॅलोजनखालचे रात्रीचे सामने बघितलेल्या कोणालाही विचारा, आपल्याकडे चेहऱ्यांची वाण आहे का?

रंगपटातून (कुडाळ)

'झुंड'चं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. त्यातले गोल किती आठवतात तुम्हाला? मला आठवतं ते पोरांचं वागणं, ती गुर्मी, साहेबाच्या दारात उभं राहताना होणारी चुळबुळ. म्हणजे पोरांनी नटाचं काम केलं आणि ते चांगलं केलं. फुटबॉल येतो म्हणून ती लक्षात राहिलेली नाहीत.

आता उलट बाजू बघा. 'इक्बाल'मध्ये (2005) श्रेयस तळपदे ऐकू-बोलू न शकणारा वेगवान गोलंदाज झाला. तोंडी एक संवाद नाही. रन-अप पटण्यासारखा हवाच, तो होता. पण सिनेमा उभा राहिला तो त्याच्या डोळ्यांवर. एखादा रणजी खेळलेला गोलंदाज आणून हे निघालं असतं, असं छातीठोकपणे सांगाल? 'चक दे! इंडिया'त (2007) काही मुली अभिनेत्री होत्या, काही खरोखर हॉकी खेळणाऱ्या. माजी हॉकी गोलरक्षक मीररंजन नेगींनी सगळ्यांना एकत्र घोटून घेतलं. पडद्यावर कोण कुठली ते ओळखून दाखवा.

मुलाखतींबद्दलची तुमची तक्रार मात्र मान्य. पण त्यात नटाचा दोष कितीसा? विचारणाराच "वजन किती उतरवलं?" इथून सुरुवात करतो. "तुझा पोरगा कोणावर जळतो?" असा प्रश्न एकदा टाकून बघा म्हणावं.

आणि मैदानाबाहेर बघायचंच असेल तर दशावतारात बघा. रात्रभर उभं राहायचं, संवाद लिहिलेले नाहीत, तलवारबाजी करून लगेच पुढचं बोलायचं. दम पाहिजे ना? तो आहे. वर नाटकही येतं. तुमच्या रत्नागिरीत जाखडीची पोरं आहेत, घुंगरू बांधून घामाने निथळेपर्यंत नाचतात. पायात तोल आहे, गळ्यात श्वास आहे. कबड्डीपटूला नट करण्यापेक्षा जाखडीवाल्याला कबड्डी शिकवणं सोपं जाईल.

कोपरारक्षक (अलिबाग)

मी खेळलोय, आता पोरं शिकवतो, तेव्हा मी खेळाडूंच्या बाजूने बोलेन असं वाटेल. थांबा. खेळाडूला आधी हरायला सांगून बघा.

एका सिनेमात आमची पोरं विरुद्ध संघ म्हणून उभी होती. सिनेमाचं नाव नको. प्रसंग असा, की हिरो चढाईला येतो, डावा कोपरा, म्हणजे त्या कोपऱ्यावरचा पकडणारा गडी, घोट्यावर झेपावतो, हिरो उडी मारून सुटतो आणि मध्यरेषा गाठतो. आमचा डावा कोपरा किशोर गटापासून घोटाच धरत आलेला. दिग्दर्शक समजावी, हात पोचू दे, पण धरू नको. पोरगा मान डोलवी आणि ॲक्शन म्हटलं की कचकन धरी. हिरो तोंडावर. ओरडा खाल्ला की मग इतका लांब राही की शेंबडं पोरही म्हणेल, मुद्दाम सोडतोय. तो खोडसाळपणा करत नव्हता हो. घोटा समोर आला की त्याचा हात त्याचं ऐकत नाही, इतक्या वर्षांत आम्हीच तसा तयार केलाय. शेवटी त्या जागी नाटकातला एक मुलगा उभा केला. त्याला कबड्डीतलं ओ की ठो कळत नव्हतं. पण त्याने हात असा झकास चुकवला, की मीच बाहेरून "अरे!" म्हणून ओरडलो.

सिनेमातला सामना बसवलेला असतो. चौथं पाऊल कुठे, कोण कधी पडणार, सगळं आधी ठरलेलं. 'चक दे'च्या सामन्यांसाठी रॉब मिलर नावाचा माणूस बाहेरून आणला होता तो याच कामाला. खेळाडूची सगळी अक्कल आयत्या वेळी काय सुचतं यात असते, आणि तिथे नेमकं तेच नको असतं.

कंठशोष (चिपळूण)

आवाजाच्या धंद्यात आहे म्हणून एक भर घालतो. कबड्डीच्या सिनेमात पहिली चोरी आवाजात पकडली जाते. सेटवर नट धापा टाकत कबड्डी-कबड्डी म्हणतो, पण ते तुटक येतं, लाटांचा आणि माडांच्या झावळ्यांचा आवाज मिसळतो. मग महिन्यांनी तो मुंबईत एसी खोलीत माइकसमोर उभा राहून तेच म्हणतो. ताजा, गोल, शब्द न् शब्द स्वच्छ. खऱ्या चढाईत दम, म्हणजे तो कबड्डी-कबड्डीचा घोष, पालटत जातो. आत शिरताना जलद आणि खालच्या पट्टीत, बोनस रेषेजवळ तुटायला आलेला, आणि अंगावर दोघे-तिघे पडले की नुसती गुणगुण उरते. पंच कान देऊन असतो तो तिथेच.

यावर खेळाडू घेणं हा उपाय नाही, कारण डबिंगला खेळाडूही उभाच राहतो. 'लगान'ने 2001 मध्ये आवाज जागेवरच घेतला होता, तेव्हा ते होत नाही असं कोणी सांगू नये. कोकणात वारा आहे, कावळे आहेत, एसटी आहे, कबूल. मग निदान डबिंगच्या वेळी नटाला खोलीबाहेर पळवून आणा आणि मग माइकसमोर उभा करा.

झाराप तिठा

मेल्यांनो, तुमचा सगळा बरोबर. पण शूटिंग संपला की हिरो मुंबयक, कॅमेरो मुंबयक, आणि आमचो झिल हय तिठ्यार. वर्सभर लोक तेका पिक्चरातल्या नावान हाक मारतत, मगे तीपण बंद.

आणि दुसरा. पोरगो दाखवतत गुहागरचो आणि बोलाक लावतत मालवणी! गुहागरात 'खंय' कोण म्हणता रे? वर मालवणी बोलणारो म्हटलो की तो इनोदीच व्हयो. 'वस्त्रहरणा'न आमका हसवल्यान, तेका तोड नाय. पण म्हणान आमच्या झिलान पिक्चरात रडाचाच नाय काय?

बोनस रेषा (रोहा)

इथे सगळे पोरगा, पोरगा म्हणतायत. मुलींच्या संघावर सिनेमा निघाला तर हा वादच होणार नाही, कारण मैदानावरची मुलगी कोणी घेणारच नाही. मी कॉलेजकडून खेळले आहे. आमच्यातल्या निम्म्या जणींचे गुडघे आणि कोपरं बघितलीत तर कास्टिंगवाला दारातूनच परतेल. मग गोरी मुलगी आणायची आणि तिला मेकअपने उन्हात रापवायची.

'मेरी कोम'च्या (2014) वेळी ईशान्येतली अभिनेत्री का घेतली नाही यावरून केवढं बोललं गेलं. 'सांड की आंख'मध्ये (2019) साठीच्या पुढच्या नेमबाज आज्यांसाठी तापसी पन्नू आणि भूमी पेडणेकरचे केस पांढरे केले, तेव्हा नीना गुप्ता उघड म्हणाल्या, आमच्या वयाच्या भूमिका तरी आम्हाला द्या. 'दंगल'च्या (2016) मुलींना मात्र मी मानते. कुस्ती त्यांना आधी येत नव्हती, कृपाशंकर बिष्णोईंकडे शिकल्या, आणि झायरा वसीमला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मी खेळाडूच घ्या म्हणत नाही, नटी चालेल. पण चाचणीला आमच्यातल्या दोघी-तिघींना बोलवा तरी.

खाडीपलीकडचा (दापोली)

@रंगपटातून, जाखडीची सूचना आवडली, पण ती माझ्याच बाजूची आहे. तो पोरगाही इथलाच, आणि मुलाखत देऊन शिकलेला नव्हे. @कोपरारक्षक, तुमचा डावा कोपरा चुकवायला शिकला असता, वेळ दिला असता तर. हिरोला महिनेच्या महिने देतात, गावच्या पोराला सकाळी उभं करतात आणि दुपारपर्यंत नट हो म्हणतात. तयारीचा निम्मा वेळ त्याच्यावर घालवा आणि मग बोला.

सड्यावरची (राजापूर)

तोच वेळ आणायचा कुठून, ते सांगा. शाळेत शिकवते म्हणून विचारते. 2017 च्या बालकामगार नियमांत बालकलाकारांसाठी तरतुदी आहेत. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 27 दिवसांच्या वर नाही, मिळकतीतले निदान 20 टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. चांगलं आहे. पण कायद्याने बालक म्हणजे 14 च्या आतला. कबड्डीच्या सिनेमाला लागणारी पोरं असतात 15 ते 19 ची. त्यांना यातलं काही लागू नाही. पहाटेचा कॉल टाइम आणि रात्री उशिरा पॅकअप, घरी सोडायला गाडी मिळाली तर मिळाली.

त्याहून मोठा प्रश्न हंगामाचा. आपल्याकडे पाऊस ओसरला की मैदानं चाळून, पाणी मारून तयार होतात आणि सामने, निवड चाचण्या सुरू होतात. सिनेमावाल्यांनाही तेव्हाच यायचं असतं, कारण सडा, म्हणजे माथ्यावरचं कातळाचं पठार, हिरवा असतो आणि उजेड स्वच्छ. दोघांचा हंगाम एकच. ज्या पोराची जिल्ह्याच्या संघात निवड व्हायची, तो त्या आठवड्यात तुमच्या सिनेमात जिल्ह्याच्या संघात निवड झाल्याचं सोंग करत असतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, ते मिळतं प्रमाणपत्रावर, कुठल्या स्तरावर खेळलात त्यावर. कुमार गटातलं शेवटचं वर्ष चुकलं की ते परत येत नाही. सिनेमात काम केल्याचं प्रमाणपत्र पोलीस भरतीत चालत नाही.

नटाचं ते कामच आहे, त्याचे महिने त्यात जाऊ देत. पोरांना गर्दीत दोन दिवस उभं करा, पैसे द्या, घरी पाठवा.

रंगपटातून (कुडाळ)

हा मुद्दा माझ्या डोक्यातही आला नव्हता. मी कलेवर भांडत होतो. तरी एवढं म्हणेन, की पोराला स्वतःला करायचं असेल तर त्याला अडवणारे आपण कोण? प्रत्येकाला पोलीस भरती नको असते. नट व्हायचं स्वप्न फक्त मुंबई-पुण्याच्या मुलांनीच बघायचं का?

सड्यावरची (राजापूर)

बघू दे की. पण निवड चाचणीची तारीख त्याला आधी सांगा आणि मग करारावर सही घ्या.

खाडीपलीकडचा (दापोली)

मग एप्रिल-मेमध्ये शूटिंग करा. परीक्षा संपलेल्या, निवडी आटोपलेल्या.

कोपरारक्षक (अलिबाग)

मे महिन्यात गावोगाव चाकरमान्यांचे सामने असतात, पोरं तिथे लागतात. आणि भर दुपारी तापलेल्या मातीत पकडीचे टेक घेणार? कोपरं सोलून निघतील. पावसाळ्यात हॉलमध्ये मॅट टाकून करा, कोणाचाच खोळंबा नाही.

खाडीपलीकडचा (दापोली)

हॉलमध्ये मॅटवर केलं तर त्यात कोकण कुठे राहिलं? मग पिंपरीत करा नाहीतर पानिपतात. तांबडी माती हवीच.

सड्यावरची (राजापूर)

मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच होतात. आमच्या शाळेतली पोरं मातीवर सराव करतात आणि मॅटवर गेली की पहिल्या सामन्यात घसरतात, म्हणून हरतात. माती तुम्हाला हवी आहे. त्यांना मॅटचे बूट हवे आहेत.

रंगपटातून (कुडाळ)

मग बूट युनिटने द्यावेत, आणि शूटिंग संपल्यावर परत मागू नयेत.

कोपरारक्षक (अलिबाग)

आमच्या वेळी बूट दिलेच नव्हते. जर्सी मात्र परत मागितली. धुऊन.