लग्न म्हणजे काय, हे मतदानाने ठरवायचं का?

पूर्वभाग५८ (प्रश्न):

नमस्कार. मी सोलापूरची. शाळेत मराठी शिकवायचे, आता घरीच असते. माझी भाची कॅलिफोर्नियात राहते, तिकडची नागरिक आहे. २०२४ च्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्षासोबतच लग्नाबद्दलही मत द्यायचं आहे, असं ती फोनवर म्हणाली होती. टपालाने घरी आलेल्या मतपत्रिकेवर तो 'प्रस्ताव ३' होता. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना लग्न करता येतं, हे राज्यघटनेत लिहायचं की नाही, असा तो विषय.

परवा भिशीत मी हे सांगितलं. आमच्यातली एक लगेच म्हणाली, "आपल्याकडेपण घ्या की असंच मतदान. एका दिवसात सोक्षमोक्ष." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, पण का पटलं नाही ते नीट सांगताही येईना. घरी आल्यापासून तेच डोक्यात आहे. कॅलिफोर्नियात नेमकं काय झालं होतं? आणि आपल्याकडे असं मतदान होऊ शकतं का?

काळाकोट:

ताई, मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, ते सोपं आहे. आपल्या घटनेत कायदा करण्यासाठी जनमत घ्यायची सोयच नाही. गोव्यात १९६७ साली महाराष्ट्रात यायचं की नाही यावर कौल घेतला, सिक्कीममध्ये १९७५ साली सार्वमत झालं. पण ते प्रश्न प्रदेशांचे होते, कुणाच्या संसाराचे नव्हते. लग्नाचा कायदा आपल्याकडे संसद किंवा विधिमंडळ करतं. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी समलिंगी विवाहाच्या याचिकांवर निकाल दिला, तेव्हाही हे काम कायदेमंडळाचं आहे असंच सांगितलं.

कॅलिफोर्नियाची गोष्ट मात्र लांबलचक आहे. मे २००८ मध्ये तिथल्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क दिला. जूनपासून लग्नं लागू लागली. नोव्हेंबरात 'प्रस्ताव ८' मतदानाला आला: फक्त एक पुरुष आणि एक स्त्री यांचंच लग्न वैध. इंग्रजीत अवघे चौदा शब्द. सुमारे ५२ टक्के लोकांनी बाजूने मत दिलं आणि ते शब्द राज्यघटनेत गेले. मधल्या साडेचार महिन्यांत सुमारे अठरा हजार जोडप्यांची लग्नं होऊन गेली होती. ती वैध आहेत की नाहीत, हे कळायला त्यांना मे २००९ पर्यंत थांबावं लागलं. न्यायालयाने प्रस्ताव कायम ठेवला, पण झालेली लग्नंही कायम ठेवली. पुढे खटला संघराज्याच्या न्यायालयात गेला आणि जून २०१३ मध्ये तिथे अशी लग्नं पुन्हा सुरू झाली. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने साऱ्या देशासाठीच हा हक्क मान्य केला. तरी ते चौदा शब्द कागदावर तसेच होते. तुमच्या भाचीच्या मतपत्रिकेवरच्या प्रस्तावाने ते काढले, ६२ टक्क्यांहून जास्त मतांनी.

बार्शीकर:

मग मतदानात वाईट काय? सोळा वर्षांत लोकांनीच लोकांची चूक दुरुस्त केली. आयर्लंडने २०१५ साली ६२ टक्के मतांनी हा हक्क दिला, स्वित्झर्लंडने २०२१ साली ६४ टक्क्यांनी. न्यायालयाने दिलेल्या निकालावर लोक वर्षानुवर्षं भांडत बसतात. लोकांनी स्वतः हात वर केला की ते मनापासून मानतात. मी स्वतः या हक्काच्या बाजूचा आहे, म्हणूनच म्हणतो. लोकांना विचारायला घाबरू नये.

पूर्वभाग५८:

वकीलसाहेब, आभार. बार्शीकर, तुमचं वाचून मला कळलं की मला भिशीत नेमकं काय बोलायचं होतं. थोडं घरचं सांगते.

आमच्या घरी तेलुगू बोलतात. वडील यंत्रमागावर चादरी विणायचे. १९९१ साली मी लिंगायत मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न करायचं ठरवलं. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे तीस दिवस आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयात सगळ्यांना दिसेल अशी लावतात. काचेच्या फळ्यात चार टाचण्यांनी लावलेला आमचा कागद अजून डोळ्यांपुढे आहे. टंकलेखनात माझं आडनाव चुकलं होतं, पत्ता मात्र घर नंबरासकट बिनचूक होता. आठव्या दिवशी कुणीतरी तो वाचून आमच्या गल्लीत येऊन सांगितलं. वडिलांनी माग बंद केला. भरदिवसा आमच्या मागाचा आवाज थांबला तेव्हा शेजारीण धावत आली, कोण गेलं म्हणून विचारायला.

त्या रविवारी आमच्याच ओसरीत बैठक बसली. चाळीसएक माणसं. मी आत दाराआड, चहाचे कप विसळत. कुणीतरी म्हणालं, हात वर करा, हे लग्न होऊ द्यायचं का? माझ्या बाजूने एकच हात वर झाला, माझ्या आजीचा. वडिलांनी कुठल्याच बाजूने हात वर केला नाही.

आजी दरवर्षी गड्ड्याला जायची. सिद्धेश्वरांच्या यात्रेत अक्षता सोहळा असतो, सात नंदीध्वज येतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते पेलून आणतात आणि अख्खं गाव तिथल्या कट्ट्यापाशी सिद्धेश्वरांच्या योगदंडाच्या आणि कुंभारकन्येच्या लग्नावर अक्षता टाकतं. आजीने त्या बैठकीत एवढंच विचारलं, "त्या कट्ट्याला संमती कट्टा म्हणतात. संमती कुणाची? तिथे जमलेल्यांची का?" कुणी उत्तर दिलं नाही, पण मतही बदललं नाही.

माझं लग्न झालं ते केवळ कायद्याने त्या चाळीस जणांना विचारलं नव्हतं म्हणून.

लोक बदलतात, हे मला मान्य आहे. वडील दोन वर्षांनी घरी आले, येताना स्वतः विणलेली चादर घेऊन. पण ती दोन वर्षं माझी गेली, त्यांची नाही. कॅलिफोर्नियातल्या त्या अठरा हजार जोडप्यांनी निकालाची वाट बघत काढलेले महिने कोण परत देणार? आणि आयर्लंड जिंकलं म्हणून आपण आयर्लंडचं नाव घेतो. क्रोएशियात २०१३ साली मतदान होऊन लग्न म्हणजे स्त्री आणि पुरुष, असं घटनेत लिहिलं गेलं. १८५६ साली विधवाविवाहाचा कायदा झाला, त्याआधी सरकारकडे गेलेल्या अर्जांवर विरोधातल्या सह्या बाजूच्या सह्यांपेक्षा कितीतरी जास्त होत्या. सह्या मोजून कायदा करायचा असता तर १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांना विधवेशी कायदेशीर लग्न करता आलं असतं का? कायदा असूनही त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांच्यावर बहिष्कार घातला, तो भाग वेगळा.

रस्ता कुठून न्यायचा, पाण्याचे पैसे किती वाढवायचे, यावर जरूर मत घ्या. त्याचं बरंवाईट मत देणाऱ्याच्याही वाट्याला येतं. दोन माणसांनी एकत्र राहायचं ठरवलं तर हात वर करणाऱ्याच्या घरात त्या दिवशी काय बदलतं?

बार्शीकर:

कर्व्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. लोकांना समजवायचं काम थांबवू नये, हे माझं म्हणणं मात्र कायम आहे. मतदान हाच त्याचा मार्ग, एवढं आता म्हणणार नाही.

होटगीरोड:

विषय थोडा वेगळा आहे, पण ताईंचं वाचून लिहावंसं वाटलं. माझ्या मुलीची नोटीस लागून आज बावीस दिवस झाले. मुलगा दुसऱ्या धर्माचा आहे. आम्ही दोघं नवरा-बायको तिच्या बाजूने आहोत. पण माझे भाऊ म्हणतात, आम्ही हरकत घेणार. रात्री झोप लागत नाही.

काळाकोट:

दादा, हरकत घेणाऱ्याला कायद्याच्या चौथ्या कलमातलंच कारण द्यावं लागतं: आधीचा जोडीदार हयात असणं, वय कमी असणं, संमती देण्याची मानसिक स्थिती नसणं, जवळचं निषिद्ध नातं असणं. धर्म, जात, काकांची नाराजी यातलं काहीही त्यात नाही. वयाचे दाखले तेवढे आत्ताच तयार ठेवा.

पूर्वभाग५८:

दादा, त्या दिवशी तीन साक्षीदार लागतात. आमच्या वेळी तिसरा मिळेना, आयत्या वेळी समोरच्या टपरीवरचा चहावाला हात पुसत आला आणि सही करून गेला. तुम्हाला कुणी कमी पडलं तर मला सांगा. मी सोलापुरातच आहे, आधार कार्ड घेऊन येते.