चार्जिंगचा दिवा तेवढा जुनाच ठेवा

मारुती ओम्नी व्हॅनच्या मीटरमधले (स्पीडोमीटरच्या पॅनलमधले) सगळेच बल्ब एकदम एलईडी करून टाकावेत, असा इथे सूर दिसतोय. प्रकाशाच्या बल्बांबद्दल दुमत नाही, पण बॅटरीचं चित्र असलेल्या लाल दिव्याला कृपया हात लावू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत इग्निशन ऑन केल्यावर त्याच बल्बमधून अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरला, सुरुवातीचा करंट मिळतो. १२ व्होल्ट, २ वॅटचा साधा बल्ब साधारण १७० मिलीअँपिअर जाऊ देतो. एलईडी त्याच्या कितीतरी कमी. मग गाडी सुरू होते, पण रेस दिल्याशिवाय चार्जिंग धरत नाही आणि लोक उगाच अल्टरनेटर उघडून बसतात.

बाकी काम सोपं आहे. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. एलईडी पेटला नाही तर होल्डरमध्ये उलटा फिरवून लावा, प्लस-मायनस बदललेलं असतं. समोर एकच चिप असलेला घेऊ नका, काटा उजळतो आणि आकडे अंधारात राहतात. चारी बाजूंनी प्रकाश टाकणारा घ्या. डायलमागे हिरवा फिल्टर असेल तर हिरवा किंवा पांढरा चालेल, लाल लावलात तर डायल काळाच दिसेल. नमुन्याला जुना बल्ब दुकानात सोबत न्या.