किशोरांच्या फँटसी मालिका: आधी पुस्तक की आधी सिनेमा?

पानोपानी

आमच्या ग्रंथालयात 11 ते 14 वयोगटाचा वाचनगट सुरू होतोय. आठवड्यातून एक दिवस, दीड तास. अर्धी मुलं इंग्रजी सहज वाचतात, अर्धी मराठी माध्यमाची आहेत. आधी पुस्तक वाचायचं, मग सिनेमा दाखवायचा आणि दोन्हींवर मुलांना बोलतं करायचं, असा बेत आहे. हॅरी पॉटर, पर्सी जॅक्सन, एरागॉन, 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' आणि पुलमनची 'नॉर्दर्न लाइट्स' ही नावं समोर आहेत. यातले कुठले सिनेमे दाखवण्यासारखे आहेत? कुठले दाखवले तर पुढची पुस्तकं वाचायची इच्छाच मरेल? धागा मोठ्यांसाठी आहे, त्यामुळे कथानक फुटलं तरी चालेल, उलट नेमकं सांगा.

शाईटाक

आधी एक साधा हिशेब करा. पुस्तकाची प्रकरणं किती आणि सिनेमाची मिनिटं किती. हॅरी पॉटरचं दुसरं पुस्तक 18 प्रकरणांचं आहे आणि त्याचा सिनेमा 161 मिनिटांचा, आठही सिनेमांत सगळ्यात लांब. म्हणजे एका प्रकरणाला जवळजवळ नऊ मिनिटं. पाचवं पुस्तक 38 प्रकरणांचं, मालिकेतलं सगळ्यात जाड, आणि सिनेमा फक्त 138 मिनिटांचा. प्रकरणाला मिळणारी मिनिटं साडेतीन जेमतेम ओलांडतात. पहिले दोन सिनेमे नुसते पाहिलेल्या मुलाचं फारसं काही अडत नाही. पुढे मात्र अडायला लागतं.

काटछाट होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. कात्री कुठे लागली ते बघायचं. पुढच्या पुस्तकाचा भार ज्या टाक्यावर आहे तोच उसवला, की दोन सिनेमांनंतर सगळं शिवण सुटतं.

सिरियसचा, म्हणजे हॅरीच्या धर्मपित्याचा, आरसा घ्या. पाचव्या पुस्तकाच्या 24व्या प्रकरणात, नाताळची सुट्टी संपून हॅरी शाळेत परत निघतो तेव्हा सिरियस त्याच्या हातात कशीतरी गुंडाळलेली एक वस्तू देतो. माझी गरज लागली तर वापर, म्हणतो. आपल्यापायी सिरियस लपण्याची जागा सोडून बाहेर पडेल या भीतीने हॅरी ती उघडून बघतच नाही. पुस्तक संपता संपता, 38व्या प्रकरणात, सिरियस गेल्यावर ती पुडी ट्रंकेत सापडते. आत आरसा. सिरियसकडे त्याचा जोड होता, दोघं केव्हाही एकमेकांशी बोलू शकले असते. सिरियस संकटात आहे असं समजून हॅरी धावला आणि त्यातच सिरियस गेला. म्हणजे तो सुखरूप आहे ना, हे घरबसल्या विचारता आलं असतं! हॅरी आरशात त्याचं नाव घेतो, उत्तर येत नाही, तो आरसा ट्रंकेत भिरकावतो आणि तो फुटतो.

पाचव्या सिनेमात हा आरसाच नाही. सातव्या पुस्तकाच्या पहिल्या सिनेमात मात्र हॅरीच्या हातात काचेचा तुकडा दिसतो आणि त्यात एक निळा डोळा चमकतो. तुकडा आला कुठून? सिनेमापुरतं पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. एक दुवा गेलाच, पण त्याहून मोठं म्हणजे हॅरीच्या पश्चात्तापाचं कारण गेलं.

तिसऱ्या सिनेमात शाळेच्या जादूच्या नकाशाचं असंच झालंय. मूनी, वर्मटेल, पॅडफूट आणि प्रॉन्ग्ज ही नावं नकाशावर दिसतात, पण ही चौघं कोण ते सिनेमा सांगत नाही. पुस्तकात 18व्या प्रकरणाचं नावच ते आहे: नकाशा बनवणारे चार मित्र, त्यात पॅडफूट म्हणजे सिरियस आणि प्रॉन्ग्ज म्हणजे हॅरीचे वडील. हॅरीचं पॅट्रोनस (मंत्राने उभा राहणारा रक्षक प्राणी) हरणाचं का, हेही तिथूनच उलगडतं: त्याचे वडील हरणाचं रूप घ्यायचे. पाचव्या सिनेमात हॅरी स्नेप या शिक्षकाला घाईघाईत ओरडून सांगतो की त्यांनी पॅडफूटला पकडलंय. पुस्तक न वाचलेलं मूल तिथे शेजारच्याला विचारतं, पॅडफूट कोण?

सहाव्यात तर कणाच काढलाय. खलनायक व्होल्डेमॉर्टच्या पूर्वायुष्याच्या आठवणी हेच ते पुस्तक. त्याच्या आईचं गाँट घराणं दहाव्या प्रकरणात येतं, पेला आणि लॉकेट त्याच्या हाती कसे लागले ते विसाव्यात. सिनेमाने अनाथाश्रमातली आणि शिक्षक स्लगहॉर्नची आठवण एवढंच ठेवलं. परिणाम असा की पुस्तकातला हॅरी काय शोधायचं याची बरीचशी यादी मनात घेऊन निघतो, आणि सिनेमातल्या हॅरीला हॉरक्रक्स (व्होल्डेमॉर्टने आत्म्याचा तुकडा दडवलेली वस्तू) जवळ आल्यावर कानात आवाज ऐकू येतात. तर्काची जागा कानाने घेतली.

तुमच्या गटासाठी: पहिलं आणि तिसरं पुस्तक वाचून त्यांचे सिनेमे दाखवा. पाचवा आणि सहावा सिनेमा पुस्तक संपल्याशिवाय नको.

रानवाट

पर्सी जॅक्सनचे दोन्ही सिनेमे (2010 आणि 2013) गटाला पूर्ण दाखवू नका. शाईटाक म्हणतात तो टाका इथे पहिल्याच मिनिटाला उसवतो, तो म्हणजे वय. पहिल्या पुस्तकात पर्सी 12 वर्षांचा आहे. पाच पुस्तकांवर टांगलेली भविष्यवाणी अशी, की थोरल्या देवांपैकी एकाचं अपत्य सोळा वर्षांचं होईल तेव्हा ऑलिंपसचा निकाल लागेल. पुस्तकागणिक तो मोठा होत जातो, काटा सोळाकडे सरकतो, मुलांची धाकधूक त्यावरच. सिनेमात तो सुरुवातीलाच सोळाच्या घरातला. म्हणून दुसऱ्या सिनेमात भविष्यवाणीतला आकडा वीस करावा लागला.

पहिल्या सिनेमाच्या कथेतून क्रोनोस (मालिकेचा मुख्य शत्रू) आणि युद्धदेव एरीस दोघंही गायब आहेत. झ्यूसचं वज्र चोरणारा ल्यूकच, पण त्याच्या मागे उभा असलेला हात नाही. मग दुसऱ्या सिनेमात क्रोनोसला उठवलं आणि त्याच सिनेमात हरवूनही टाकलं. पाचव्या पुस्तकाचा शत्रू दुसऱ्याच भागात खर्च झाला. तिसरा सिनेमा आला नाही. आला असता तरी त्यात लढणार कुणाशी?

एक प्रसंग मात्र दोन्हीकडचा काढून शेजारी ठेवण्यासारखा आहे. पाताळातून परत यायला मोती तीन आणि माणसं चार. पुस्तकात पर्सी आईला मागे ठेवून येतो. जिच्यासाठी एवढा प्रवास केला तिलाच सोडायचं, कारण युद्ध टाळायचं आहे. सिनेमात आई बरोबर येते आणि मित्र ग्रोव्हर मागे थांबतो. मुलांना विचारा, दोन्हींत पर्सीने काय गमावलं? तेवढ्यावर एक तास सहज जातो.

डिस्ने प्लसची मालिका (डिसेंबर 2023, पहिल्या सीझनचे 8 भाग) पुष्कळ बरी आहे. लेखक रिक रायर्डन स्वतः तिच्या निर्मितीत आहेत आणि पर्सी खरंच शाळकरी वाटतो. माझी एक तक्रार आहे. पुस्तकात मुलं भुकेली, दमलेली, बर्गरच्या वासावर एका बाईच्या पुतळ्यांच्या दुकानात शिरतात. ती मेड्युसा, नजरेने दगड करणारी, आहे हे वाचकाच्या आधी लक्षात येतं, त्यांना उशिरा कळतं, त्या मधल्या दोन पानांत जीव टांगणीला लागतो. मालिकेत दारातच ओळखतात. मुलं हुशार दिसतात, भीती मात्र उरत नाही. तरी दाखवायचंच तर मालिका दाखवा.

एरागॉन (2006) मात्र अजिबात नको. पावणेदोन तासांत ते जाडजूड पुस्तक कोंबलंय. एरागॉनची ड्रॅगन सफिरा ढगांत एक भरारी मारते आणि पूर्ण वाढूनच बाहेर येते. पुस्तकात ती महिनोन्‌महिने एरागॉनच्या सोबतीने वाढते आणि दोघांचं नातं त्या वाढण्यातच घडतं. पण खरा घोटाळा पुढे आहे. रझॅक, म्हणजे राजाचे राक्षसी हस्तक, सिनेमात मारले गेलेत आणि एरागॉनच्या भावाची, रोरनची, प्रेयसी कॅट्रिना दिसतच नाही. दुसऱ्या पुस्तकात रझॅक गावावर येतात, कॅट्रिनाला पळवतात आणि रोरन अख्खं गाव घेऊन बाहेर पडतो. अर्धं पुस्तक ते आहे. शेवटच्या लढाईत एरागॉनच्या पाठीवर होणारी जखमसुद्धा सिनेमात नाही, आणि तीच त्याला पुढच्या पुस्तकात छळते. दुसरा भाग काढायचा म्हटलं असतं तरी पटकथा लिहिणाऱ्याच्या हाती काही उरलं नव्हतं.

तिसरा_मजला

वरच्या दोन्ही प्रतिसादांतली माहिती अचूक आहे, पण 'पुस्तकाशी प्रामाणिक तो चांगला' असा अर्थ त्यातून निघू नये म्हणून लिहितो. हॅरी पॉटरचे पहिले दोन सिनेमे पुस्तकाला सगळ्यात धरून आहेत, आणि सिनेमा म्हणून तिसरा, अल्फोन्सो क्वारोनचा, त्यांच्या कितीतरी पुढे आहे. नकाशाचा खुलासा राहिला ही चूक मान्य. पण ऋतू बदलताना ते झोडपणारं विलोचं झाड, ते प्रचंड घड्याळ, शेवटच्या अर्ध्या तासात तोच वेळ दुसऱ्या कोनातून पाहणं, हे सगळं कॅमेऱ्याने सांगितलंय. पाचव्यातही जुलमी शिक्षिका अम्ब्रिजचे फतवे भिंतीवर एकेक करून ठोकले जातात, चौकटींनी भिंत भरत जाते आणि शाळेचा गळा आवळला जातोय हे डोळ्यांना दिसतं. पानंच्या पानं तिथे सत्कारणी लागलीत.

यादीतलं 'हाउल्स मूव्हिंग कॅसल' म्हणूनच सगळ्यात आधी घ्या. डायना विन जोन्सचं पुस्तक 1986चं, मियाझाकीचा सिनेमा 2004चा. बदल पाहिलेत तर एरागॉनपेक्षा जास्त भरतील. नायिका सोफीच्या दोन बहिणींपैकी एकच उरली. जादूगार हाउलचा पंधरा वर्षांचा शिष्य मायकल सिनेमात लहानगा मार्कल झाला. सोफीच्या बोलण्यात जादू आहे, ती टोप्यांशी बोलते आणि ते बोलणं खरं होतं, हे सिनेमात सांगितलेलं नाही. आणि युद्ध, जे सिनेमाचा जीव आहे, ते पुस्तकात असं नाहीच.

तरीही सिनेमा उभा राहतो, कारण मियाझाकीने काढलेल्या प्रत्येक खांबाच्या जागी स्वतःचा खांब दिला. किल्ल्याच्या दाराची मूठ बघा. चार रंग, मूठ फिरवाल तशी दाराबाहेरची जागा बदलते. हिरवा, निळा, लाल या बाजूंचं साधारण जमतं. काळी बाजू? पुस्तकात ती उघडते आपल्या ओळखीच्या जगातल्या वेल्समध्ये, हाउलच्या बहिणीच्या घराकडे, जिथे भाचा कॉम्प्युटरवर खेळतोय. सिनेमात ती उघडते जळत्या आभाळात, जिथे हाउल पक्षी होऊन लढायला जातो. पुस्तकातला हाउल घरच्यांपासून पळणारा आहे, सिनेमातला युद्धापासून. एका मुठीच्या एका रंगात दोन लेखकांचा सगळा फरक सापडतो. मुलांना पुस्तक वाचताना दाराचं चित्र काढायला सांगा, चारही बाजूंना काय ते लिहून. सिनेमा झाल्यावर त्याच कागदावर दुसऱ्या रंगाने बदल करायला सांगा.

शिवाय सिनेमा त्या एका पुस्तकापुरता संपतो. पुढच्या भागाचं ओझं नाही. शाईटाकांचा नियम मालिकेला लागू होतो, सुट्या पुस्तकाला नाही.

पानोपानी

तिघांनाही मनापासून धन्यवाद, दाराचं चित्र तर नक्कीच. 'नॉर्दर्न लाइट्स'बद्दल कुणी लिहिलं नाही. आणि मराठी माध्यमाच्या मुलांचं काय करू?

चौथी_घंटा

'नॉर्दर्न लाइट्स' 1995चं. 'द गोल्डन कंपास' हा सिनेमा 2007चा, आणि तो पुस्तक संपायच्या आधीच संपतो. नायिका लायरा, तिचा मित्र रॉजर, ली आणि इओरेक हे अस्वल फुग्यातून लॉर्ड अझरिएलकडे निघालेत, आशेचं संगीत, पडदा. पुस्तकात ती तिथे पोचते आणि मित्राला वाचवून आणलं असं समजत त्याला नेमकं मृत्यूच्या हाती देते. अझरिएल रॉजरला त्याच्या डीमनपासून (प्राण्याच्या रूपात सोबत राहणारा माणसाचा आत्मा) तोडतो, त्यातून सुटलेल्या शक्तीने दुसऱ्या जगाची वाट उघडते आणि रॉजर मरतो. पुढच्या दोन्ही पुस्तकांत लायरा जे करते ते या अपराधाच्या टोचणीतून. हा शेवट चित्रितसुद्धा झाला होता, मग पुढच्या सिनेमात घेऊ म्हणून काढला, आणि पुढचा सिनेमा निघालाच नाही. वर क्रमही उलटा केलाय: पुस्तकात आधी बोल्वांगार (पळवलेल्या मुलांना ठेवलेलं केंद्र), मग अस्वलांची झुंज. सिनेमात झुंज आधी. अस्वलं आणि डीमन मात्र देखणी आहेत, व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर त्यासाठीच. झुंजीचा तेवढा तुकडा दाखवा, बाकी राहू द्या.

बीबीसी आणि एचबीओची मालिका (2019 ते 2022, तीन सीझन) शेवटापर्यंत जाते. पहिला सीझन दुसऱ्या जगाच्या त्या वाटेवरच संपतो, रॉजरच्या मृत्यूसकट. एक लक्षात ठेवा, दुसऱ्या पुस्तकातला विल तिने पहिल्याच सीझनमध्ये आणलाय. पहिलंच पुस्तक वाचलेल्या मुलांना तो कोण ते समजणार नाही, आधी सांगून ठेवा. आणि हे पुस्तक अकरा वर्षांच्यांना नको, तेरा-चौदाच्यांना द्या. मूल आणि डीमन तोडण्याची कल्पना लहान मुलांच्या मनात फार खोल जाते.

मराठी वाचणाऱ्यांसाठी हॅरी पॉटर सोयीचं, मंजुल प्रकाशनाने ते मराठीत आणलंय, पहिलं 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावाने. दोन्ही भाषांतली मुलं एकत्र असतील तर वाचायला पान क्रमांक देऊ नका, प्रकरण क्रमांक द्या. पानं जुळत नाहीत. आठवड्याला तीन प्रकरणं धरलीत तर 17 प्रकरणांचं पहिलं पुस्तक सहा आठवड्यांत होतं. सिनेमा 152 मिनिटांचा, तुमच्या दीड तासात मावणार नाही. दोन आठवड्यांत वाटून दाखवा आणि मध्ये जिथे थांबाल तिथेच विचारा: आत्तापर्यंत काय गाळलं, आणि पुढे त्याची गरज पडणार आहे का?

शाईटाक

चौथी_घंटा यांच्या शेवटच्या प्रश्नाला एक जोड. गाळलेल्या गोष्टींची यादी फळ्यावर मुलांनीच करावी आणि सिनेमा संपेपर्यंत पुसू नये. पहिल्या पुस्तकातला शाळेतला खोडकर भूत पीव्हज त्यात सगळ्यात आधी येईल, तो एकाही सिनेमात नाही. त्याच्यावाचून काही अडलं का, हे मुलं स्वतःच ठरवतील. मग तिसऱ्या पुस्तकाच्या वेळी नकाशावरची चार नावं त्याच यादीत लिहा. दोन्ही गोष्टी गाळलेल्याच, पण एकीने काही बिघडत नाही आणि दुसरीने दोन वर्षांनी बिघडतं, हे त्यांना फळ्यावरच दिसेल. पाचव्या पुस्तकापर्यंत गट टिकला, तर 24व्या प्रकरणातली ती पुडी कुणाच्या लक्षात राहते ते बघा. तिथे त्यांना काही सुचवू नका.