जिप्सीला कोणता कॅमशाफ्ट घ्यावा? फिटिंगबद्दलही मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझी 2006 ची जिप्सी किंग आहे. 1298 सीसी, 16 व्हॉल्व्हचं एमपीएफआय इंजिन. गाडी वडिलांची, त्यामुळे विकायचा प्रश्नच येत नाही. रोज साताऱ्यात ऑफिस, सुट्टीला कास-बामणोली. मूळ 80 बीएचपी मिळतात ते 6000 आरपीएमला, आणि घाटात मी तिथवर क्वचितच जातो. मला जोर हवाय तो 2000 ते 4000 मध्ये.

गेल्या वर्षी एका वर्कशॉपमध्ये मूळ कॅमच (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) ग्राइंड करून लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची उंची, वाढवून घेतली. तिथेच चुकलं. बेस सर्कल (कॅमचा गोल भाग) लहान झालं, व्हॉल्व्हची फट जुळवणारे टॅपेटचे स्क्रू पार शेवटाला आले, चार महिन्यांत दोन लोब (कॅमचे उंचवटे) खरवडले. ऑइलमध्ये धातूच्या कणांची चकाकी दिसली म्हणून वेळेत उघडलं. आता कॅम आणि रॉकर (कॅमचा जोर व्हॉल्व्हपर्यंत नेणारी तरफ) दोन्ही नवेच घेणार. खरवडलेला रॉकर नव्या लोबलाही खातो, हे डोळ्यांनी पाहिलंय.

दोन विकणाऱ्यांचे दोन कॅम समोर आहेत, 256 आणि 272 अंशांचे (क्रँकच्या फिरण्यात व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते माप). एक विकणारा 272 चा आग्रह धरतोय. पण ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) वाढला की आयडलला इनटेकमधला व्हॅक्यूम पडणार. इनटेकचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालणारा मूळ ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) गोंधळेल, व्हॅक्यूमवर चालणाऱ्या ब्रेक बूस्टरलाही ओढ कमी मिळेल. घाट उतरताना ते मला अजिबात नको. शिवाय दोन्ही कॅमचे आकडे एकाच मापाचे आहेत का, हीच शंका आहे. व्हॉल्व्ह हलायला लागल्यापासून मोजलेले अंश आणि 1 मिमी लिफ्टपासून मोजलेले अंश यांत खूप फरक पडतो. दोन्ही विकणाऱ्यांकडे 1 मिमीचे आकडे मागितलेत, एकाचे अजून आले नाहीत. माझा कल 256 कडे आहे. कुणी मूळ ईसीयूवर असा कॅम चालवला असेल तर आयडल कसं राहिलं ते जरूर सांगा.

आता फिटिंग. हेड एकदा प्लेन केलेलं (घासून सपाट केलेलं) आहे. त्याने कॅम क्रँकच्या किंचित जवळ येतो आणि टायमिंग मागे पडतं, म्हणून नुसत्या खुणा जुळवून बेल्ट चढवायचा नाही असं ठरवलंय. अॅडजस्टेबल पुली, डिग्री व्हील (क्रँक किती अंश फिरला ते दाखवणारी चकती) आणि लिफ्ट मोजायला डायल गेज लावून बघणार. पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवणार आणि व्हॉल्व्हखाली किती जागा उरते ते मोजणार. अडलंय ते स्प्रिंगपाशी. लिफ्ट साधारण 1 मिमीने वाढतेय. पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडणार नाहीत, रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) व्हॉल्व्हच्या सीलवर आपटणार नाही, यासाठी तुम्ही किती जागा सोडता? मूळ स्प्रिंग पुरल्या का?

पुणे किंवा कोल्हापुरात डिग्री व्हील लावून काम करणारे कुणी माहीत असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गाडी टो करून आणायची तयारी आहे, हेड अजून उघडंच आहे.