कृष्णेवरची संध्याकाळ जपानी ठशांच्या धर्तीवर: आकाश हिरवे का पडते?

प्रश्न: सांगलीत आयर्विन पुलाजवळ बसून जपानी चित्रकार हिरोशिगे (१७९७–१८५८) यांच्या, लाकडी फळ्यांवरून कागदावर छापलेल्या ठशांसारखी कृष्णेवरची संध्याकाळ जलरंगांत उतरवण्याचा प्रयत्न मी करीत आहे, परंतु क्षितिजाजवळचा पिवळा आणि वरून उतरणारा निळा एकमेकांना भेटताच तेथे शेवाळी पट्टा उमटतो. नेमके काय चुकते आहे?

उत्तर १: आपण दोन्ही रंग ओले असतानाच भेटवत असावात. जपानी ठशांत साधारणपणे प्रत्येक रंगाला स्वतंत्र लाकडी फळी असते आणि ‘बोकाशी’ म्हणजे ओलसर फळीवर एका कडेला दाट असलेला रंग ब्रशने विरवत नेणे. त्यामुळे आधी पिवळ्याचा पातळ हात देऊन कागद पूर्ण वाळू द्यावा. मग बोर्ड थोडा तिरका धरून प्रशियन निळा वरून खाली आणावा आणि पिवळ्याच्या दोन बोटे आधीच ब्रशमध्ये नुसते पाणी उरेल असे पाहावे. हाच निळा १८३०च्या सुमारास जपानी निसर्गठशांत रुळला, म्हणून दुसरा शोधत बसू नये. कागद ३०० ग्रॅमचा (प्रति चौरस मीटर वजन) घ्यावा. पातळ कागद फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो.

उत्तर २: वरील मताशी सहमत. मात्र मला खरी अडचण पाण्यात दिसते. नवशिके नदीभर लाटा काढतात (मीही काढल्या आहेत), तर या ठशांत पाणी बहुधा सपाट असते. पुलाची सावली एकाच गडद रंगात भरून, तिच्या खालच्या कडेला दोन-तीन आडव्या फटी कोऱ्या सोडून पाहा.

प्रश्नकर्ता: फटी जमल्या. निळा मात्र अजून एक बोट जास्तच खाली येतो.