अनुदानित शाळेत चौदा वर्षे झाली. आता पुढची वाट कोणती?

विज्ञानशिक्षिका:
मी बी.एस्सी., बी.एड. असून 2011 साली सातारा जिल्ह्यातील एका खाजगी अनुदानित माध्यमिक शाळेत शिक्षण सेवक (मानधनावरील शिक्षक) म्हणून रुजू झाले आणि तीन वर्षांनी नियमित झाले. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ वेतनश्रेणीही मिळाली आहे. आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. वय 37. मुख्याध्यापकपदाची वाट पाहावी, राज्यसेवेची परीक्षा देऊन शिक्षण खात्यात जावे, की वर्गातच राहावे, हा प्रश्न सध्या मनातून जात नाही. आमच्या संस्थेच्या चार शाळा आहेत. मात्र सेवाज्येष्ठता यादी मला आजवर कोणी दाखवलेली नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त मुख्याध्यापक:
मॅडम, सर्वप्रथम ती यादी मिळवा, कारण पुढचे सारे गणित तिच्यावर अवलंबून आहे. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या सेवाशर्ती नियमावलीतील नियम 12 प्रमाणे व्यवस्थापनाने अनुसूची ‘फ’ नुसार यादी तयार करून ती कर्मचाऱ्यांत फिरवायची असते आणि प्रत मिळाल्याबद्दल प्रत्येकाची सही घ्यायची असते. यादीवर हरकत घेता येते आणि वाद मिटला नाही तर तो शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो. लेखी अर्ज करा व पोच घ्या. तोंडी विचारणेला कार्यालयात काही किंमत नसते.

दुसरी गोष्ट अनेकांच्या फार उशिरा लक्षात येते. मुख्याध्यापकपदासाठी ज्येष्ठता केवळ आपल्या शाळेची पाहत नाहीत, तर संस्थेच्या सर्व शाळांची एकत्रित पाहतात. त्यामुळे स्वतःच्या शाळेत पहिल्या क्रमांकावर असलेली व्यक्ती एकत्रित यादीत सातव्या क्रमांकावर असू शकते. पात्रतेची अट फार मोठी नाही: पदवीनंतर पाच वर्षांचा अध्यापनाचा अनुभव व त्यापैकी किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची. ती आपण केव्हाच पूर्ण केली आहे. तेव्हा आपल्या वर असलेल्या प्रत्येकाची जन्मतारीख पाहा, 58 व्या वर्षी कोण केव्हा निवृत्त होणार हे कागदावर मांडा, म्हणजे आपला क्रमांक कोणत्या साली लागतो ते अर्ध्या तासात कळेल. (संस्था अल्पसंख्याक असेल तर मुख्याध्यापक निवडण्याचे स्वातंत्र्य तिला असते आणि हा हिशेब लागू पडत नाही.) शिवाय पर्यवेक्षक व उपमुख्याध्यापक ही पदे संच मान्यतेवर (शाळेला मंजूर पदे ठरवणाऱ्या आदेशावर), म्हणजे पटसंख्येवर ठरतात, गावातील पट घटत असेल तर मधल्या पायऱ्या नाहीशा होतात, हेही ध्यानात असू द्या.

खात्यातील एक अधिकारी:
मी स्वतः सहा वर्षे शिकवून राज्यसेवेतून आलो. खुल्या प्रवर्गासाठी कमाल वय 38 आहे, मागास प्रवर्गासाठी 43; त्यामुळे आपण खुल्या प्रवर्गातील असाल तर हाती जवळजवळ एकच संधी उरते. केंद्रप्रमुखपदाचा (आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या पदाचा) मार्ग जिल्हा परिषदेच्या शिक्षकांसाठी आहे, खाजगी शाळेतून तो मिळत नाही. अधिकारपदावर अनेक शाळांचे प्रश्न सोडवता येतात, याचे मला खरोखर समाधान आहे. पण दिवस मान्यता, सुनावण्या आणि न्यायालयीन प्रकरणे यांतच जातो व मुलांचा सहवास जवळपास संपतो. मला त्याची आजही खंत वाटते.

गणिताचे सर:
तिसऱ्या पर्यायाला आपण शेवटचे स्थान दिले आहे, म्हणून आग्रहाने लिहितो. वर्गात राहणारा शिक्षक थांबलेला नसतो. निवड श्रेणी, म्हणजे त्यापुढची वेतनश्रेणी, वरिष्ठ श्रेणीनंतर आणखी बारा वर्षांनी, तीही 20 टक्के पदांच्या मर्यादेत मिळते आणि तिच्यासाठी वाढीव शैक्षणिक अर्हता लागते. त्यामुळे पदव्युत्तर पदवी आताच हाती घ्या, मात्र प्रवेशापूर्वी परवानगी काढून तिची नोंद सेवापुस्तकात करून घ्या. दहावीच्या उत्तरपत्रिका तपासण्याचे काम अनेकजण टाळतात. मला मात्र, मुले नेमकी कोठे अडखळतात हे कोणत्याही प्रशिक्षणापेक्षा त्या गठ्ठ्यांतून अधिक कळले. पुढे नियामक (इतरांनी तपासलेल्या उत्तरपत्रिका पडताळणारा) म्हणून काम करताना तर इतर शाळांतील शिकवण्याची पद्धतही दिसू लागली. आपला विषय विज्ञान आहे. सहावी व नववीच्या मुलांना डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेसाठी तयार करणे, प्रयोगशाळा प्रत्यक्ष वापरात आणणे, तालुक्यातील विज्ञान शिक्षकांचा गट बांधणे, ही कामे पदाविनाही करता येतात.

एक सूचना: सप्टेंबर 2025 मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या, सेवानिवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) उत्तीर्ण होणे बंधनकारक केले. आपल्याकडे आठवी आहे. आपल्या वैयक्तिक मान्यतेच्या (शिक्षण खात्याने नियुक्तीला दिलेल्या मंजुरीच्या) आदेशात नियुक्ती कोणत्या इयत्तांच्या गटासाठी नमूद आहे ते आजच पाहा.

विज्ञानशिक्षिका:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. मान्यतेचा आदेश काढून पाहिला. त्यात केवळ ‘सहायक शिक्षिका’ असा उल्लेख आहे, गट दिलेला नाही, त्यामुळे टीईटीची तयारी सुरू करते. राज्यसेवेचा विचार मी सोडला आहे, कारण अधिकारी महोदयांचे शेवटचे वाक्य वाचताना दहावी ‘ब’चा वर्गच डोळ्यांसमोर आला. ज्येष्ठता यादीसाठीचा अर्ज लिहून झाला आहे. सोमवारी देऊन पोच घेईन.