बाबांचा आवाज बसलाय, सीटीत महाधमनीला फुगवटा निघाला. ठाणे/नवी मुंबईत कुठे दाखवावं?

कोपरीकर:
नमस्कार मंडळी. बाबा ७१ वर्षांचे, बीपी जुनं. दिवाळीपासून आवाज घोगरा. ज्येष्ठमध, गुळण्या, अँटिबायोटिक, सगळं झालं. शेवटी दुर्बीण घातली तर डावा स्वरतंतू हलतच नाही, घशात गाठबीठ नाही. सीटी अँजिओत महाधमनीच्या (हृदयातून निघणारी मुख्य धमनी) कमानीखाली पिशवीसारखा फुगवटा दिसला. दुखत काहीच नाही, म्हणून घरचे म्हणतात आधी घशाचं बघू. काय करू?

वाशीची मीनल:
घशासाठी थांबू नका हो. आमच्या काकांना हेच झालं होतं. डाव्या स्वरतंतूची नस सरळ घशात येत नाही. ती छातीत उतरते, कमानीखालून वळसा घेते आणि परत वर चढते. तिथे धमनी फुगली की नस दबते. उजवी नस वरच्या वर वळते, म्हणून बहुतेक डावी बाजूच जाते. याला ऑर्टनर सिंड्रोम म्हणतात. १८९७ साली ऑर्टनर यांनी तो मांडला तेव्हा कारण मात्र हृदयाच्या मायट्रल झडपेचं होतं.

तुम्हाला सीव्हीटीएस सर्जन हवा, म्हणजे हृदय, छाती आणि रक्तवाहिन्यांचा सर्जन. हॉस्पिटल निवडताना एकच विचारा: ओपन सर्जरी आणि स्टेंट-ग्राफ्ट (धमनीत आतून बसवायची नळी), दोन्ही करता का? मेंदूकडे जाणाऱ्या धमन्या कमानीतूनच निघतात, त्यामुळे स्टेंटआधी कधी त्या धमन्यांचा बायपासही लागतो. एकच येणारा तेच सुचवणार. पिशवी लहान असली तरी धोका असतो, तेव्हा याच आठवड्यात जा. रिपोर्टसोबत सीटीची सीडीही न्या, सर्जन चित्रंच बघतात.

कळव्याचा दादा:
खर्चाचा प्रश्न असेल तर परळचं केईएम. सीव्हीटीएस ओपीडीचा वार आधी विचारून घ्या. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते तिथल्या आरोग्यमित्राला (योजनेचा मदतनीस) विचारा. बीपीची गोळी एकही चुकवू नका, जड उचलू देऊ नका.

कोपरीकर:
मनापासून आभार. पाणी पिताना त्यांना ठसका लागतो, तोही यातूनच का? आणि आवाज परत येईल?

वाशीची मीनल:
हो, स्वरतंतू नीट मिटत नाही म्हणून. काकांना स्पीच थेरपिस्टनी हनुवटी छातीकडे झुकवून छोटे घोट घ्यायला शिकवलं होतं. तुम्हीही दाखवून घ्या. आवाजाची खात्री कोणी देणार नाही. नस फार दिवस दबलेली असेल तर येतोच असं नाही, पण नंतर स्वरतंतू मध्ये सरकवायचं छोटं ऑपरेशन करता येतं. छातीत किंवा पाठीत अचानक जोराची कळ आली तर मात्र ओपीडीची वाट न बघता लगेच १०८ लावा.